चिमट्याचा डावा पाय

१

चिमटा खोलला, धुतला, पुन्हा जोडला, चाक चढवलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मिस्त्रीणबाईच्या कपाळावरची शीर उडायला लागली. चाक वाकडंच बसलं होतं.

चिमटा म्हणजे स्कूटरच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय. पायांच्या पोटात एकेक स्प्रिंग, खाली एकेक आखूड पट्टी आणि त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये चाकाचा दांडा. दोन्ही पट्ट्या एका पातळीत राहिल्या की चाक ताठ उभं राहतं. इथे डावी पट्टी बसकी झाली होती. चाकाची मान डावीकडे कलली होती. फार नाही, पण एखाद्याने मुद्दाम मान तिरकी करून आपल्याकडे बघावं, तेवढी.

"ताई, झालं का गं?" धाकटा चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभा होता.

"डोळे आहेत ना? बघ की."

"मला तर ठीक दिसतंय."

"तुला सगळंच ठीक दिसतं," ती म्हणाली आणि पाना बाकावर असा आपटला की डब्यातल्या चकत्या नाचल्या.

घरामागच्या आवारात तिची ही पत्र्याची शेड होती. लोक आपल्या जुनाट स्कूटरी तिच्याकडे आणून टाकत आणि ती त्या धडधाकट करून परत देई. नावाने तिला कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती मिस्त्रीणच होती. पन्नाशीला आली होती, लग्न केलं नव्हतं, हात काळे आणि तोंड फटकळ. ही स्कूटर मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. बाबांची होती. धाकटा परगावाहून रजा काढून आला आणि आल्या आल्या त्याने ती ताडपत्रीखालून ओढून काढली. बाबांच्या वाढदिवसाला गाडी दारात उभी करायची, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"बघ तू, कसा चेहरा फुलतो त्यांचा."

"फुलेल. अर्धा," ती म्हणाली.

धाकट्याला ते लागलं. त्याने कप बाकावर ठेवला आणि निघून गेला. तो तिच्यापेक्षा बराच लहान. लहानपणी त्याच्या वाट्याला बाबांचे खांदे आले होते. तिच्या वाट्याला बाबांचे हात.

२

काही वर्षांपूर्वी बाबांना झटका आला तेव्हा ते याच स्कूटरवर होते. फाटकातून आत वळता वळता त्यांची डावी बाजू गेली आणि गाडी खांबावर आदळली. आई धावत बाहेर आली तेव्हा दोघं डाव्या कुशीवर शेजारी शेजारी पडलेली होती, माणूस आणि मशीन. माणसाला दवाखान्यात नेलं. मशीनवर ताडपत्री टाकली.

दवाखान्यातून जो माणूस परत आला, तो डावा पाय ओढत चालायचा, डावा हात मांडीवर टाकून बसायचा. तोंडाचा डावा कोपरा खाली लोंबायचा, बोलणं बोबडं झालं होतं. पण ते खरं नवल नव्हतंच. खरं नवल हे, की तो माणूस चांगला झाला होता. पाणी दिलं की हात जोडायचा. मांजर अंगणात आलं की लहान मुलासारखा खिदळायचा. संध्याकाळी आईचा हात धरून बसायचा आणि कधीकधी उगाच रडायचा.

आईचा तर जन्म पालटल्यासारखा झाला होता. तिने रेडिओ घेतला. सकाळी उठल्यापासून तो मोठ्याने लावून ठेवायची आणि सोबत स्वतःही गायची, बेसूर, शब्द चुकवत. उभ्या आयुष्यात मुलीने तिला गाताना ऐकलं नव्हतं.

सगळे म्हणत, देवमाणूस झाले हो तुमचे बाबा. ते ऐकलं की मिस्त्रीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला ज्या माणसाशी भांडायचं होतं, तो माणूस न सांगता निघून गेला होता आणि जाताना आपल्या जागी हा गोड म्हातारा बसवून गेला होता. याच्याशी भांडणार कसं? याची लाळ पुसायची असते.

तिने चिमट्याच्या दोन्ही पायांत नव्या स्प्रिंगा घातल्या. जुन्यांपैकी डावी दबून आखूड झाली होती. वाकडेपणाचं मूळ तिथेच असणार. दात-ओठ खात तिने पट्ट्या दाबून धरल्या, दांडा सरकवला, नट आवळले. चाकाची मान थोडी वर आली. पुरती नाही.

दुपारी ती बाबांना चहा पाजायला गेली. हे रोजचंच होतं. हनुवटीखाली टॉवेल धरायचा, कप टेकवायचा, डाव्या कोपऱ्यातून ओघळेल तो टिपायचा. कप रिकामा झाला. ती उठली, कप मोरीत ठेवला आणि शेडकडे निघाली.

मागे वळून पाहिलं तर आई बाबांच्या खुर्चीशी उभी होती, टॉवेल हातात घेऊन. एका जागी चाचपून झाला की दुसऱ्या जागी चाचपत होती.

"काय गं?"

"कोरडा आहे," आई म्हणाली.

३

बाबांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडम जाम खूश झाल्या. इतक्या उशिरा सुधारणा क्वचितच होते म्हणाल्या, पण होते. मेंदू आपली वाट शोधतो. त्यांनी बाबांना डावा गाल फुगवायला लावला. बाबांनी फुगवला. धाकट्याने त्याचा व्हिडिओ काढला.

मिस्त्रीणबाईने आनंद वगैरे काही दाखवला नाही. तिला त्या चाकाने छळलं होतं. नव्या स्प्रिंगा घालूनही कललेलं म्हणजे पट्ट्यांतले बुश, सांध्यातली ती नळकांडी, गेलेले असणार. तिने ते ठोकून बाहेर काढले. डावा एका अंगाने झिजून अंडाकृती झाला होता. नवे बसवले, ग्रीस भरलं, पुन्हा जोडलं. चाक आणखी वर आलं. आता कुणाच्याही नजरेला सरळ वाटलं असतं. तिच्या नजरेला मात्र अजून कुसळ टोचत होतं.

ती हात पुसत मागच्या व्हरांड्यात आली. बाबा खुर्चीत बसलेले. आई धुण्याच्या घड्या घालत रेडिओबरोबर कुठलंसं गाणं म्हणत होती. धाकटा मोबाइलमध्ये डोकं खुपसून.

"रेडिओ," बाबा म्हणाले.

बोबडं नाही, लाळ नाही. प्रत्येक अक्षर कोरून काढल्यासारखं.

शब्द संपायच्या आत आईने रेडिओ बंद केला होता. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती ती. केव्हा उठली, कशी पोचली, कळलंच नाही. मिस्त्रीणबाईला फक्त तिचा हात दिसला, बटणावर घट्ट दाबून धरलेला, जणू सोडला तर आवाज फुटून बाहेर येईल.

"ऐकलंस, ताई? स्पष्ट बोलले! एकदम स्पष्ट!" धाकटा टाळ्या पिटत उठला. त्याने बाबांच्या गळ्यात हात टाकला. "आणखी एकदा म्हणा, बाबा. रे-डि-ओ!"

बाबा हसले. गोड हसले, रोजच्यासारखे. मिस्त्रीणबाई आईकडे बघत होती. आईने घड्या घातलेले सगळे कपडे मोडले आणि नव्याने घालायला घेतले, कडा कडांना जुळवून, सुरकुती न ठेवता. झटक्याच्या आधी घालायची तशा.

"आई, अगं, काय करतेस?" तिचा आवाज चढला. "कुणी सांगितलंय तुला? राहू दे ते!"

"हळू बोल," आई म्हणाली.

४

आता हे सगळं हास्यास्पद होतं, आणि ते तिला कळत होतं. लोखंडाचा माणसाशी काय संबंध? ती जन्मभर मापाने जगलेली बाई. जे मोजता येतं ते असतं, जे येत नाही ते लोकांच्या डोक्यात असतं. औषधं चालू होती, व्यायाम चालू होता, मुलगा घरी आला म्हणून म्हाताऱ्याला उभारी आली होती. कारणं हवी तेवढी होती.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाकापुढे उकिडवी बसली ती डाव्या नटाला पाना लावूनच.

शेडच्या झरोक्यातून व्हरांडा सरळ दिसायचा. बाबा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. दोन्ही हातांत. डाव्या हाताची बोटं कागदाच्या कडेला नीट वळली होती.

तिने नट सैल केला. पट्टी ग्रीसमध्ये सरकली, चाक कललं.

व्हरांड्यात कागद खाली पडला.

वारा असेल. तिने बाहेर पाहिलं. दोरीवरचे कपडे निपचित लोंबत होते. तिने पाना उलटा फिरवला. हाताला घाम आल्यामुळे तो घसरत होता. एक वळसा, आणखी अर्धा, चाक उठलं. खुर्चीतला डावा हात उठला, खाली गेला, कागद उचलून वर आला. कागद झटकला. चट्, असा आवाज थेट शेडपर्यंत आला.

"गप बस," ती स्वतःलाच म्हणाली. "मूर्खासारखं करू नकोस."

पुन्हा सैल केला. कागद पुन्हा पडला. या वेळी तिला स्वतःचाच एवढा संताप आला की तिने नट एका हिसक्यात करकचून आवळला. हे काय चाललंय? खेळ मांडलाय का? झरोक्यातून बघण्याआधी ती क्षणभर थांबली. मग बघितलं.

कागद जमिनीवरच होता. बाबांनी तो उचलला नव्हता. ते मान वळवून बघत होते. मांजराकडे नाही की दोरीवरच्या कपड्यांकडे नाही. झरोक्याकडे, तिच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर.

तिने झरोक्याला पुठ्ठा लावून टाकला.

५

आई शेडमध्ये कधी येत नसे. तेलाचा वास सहन होत नाही म्हणायची. त्या दिवशी जेवणं झाल्यावर आली, दार लोटून घेतलं आणि एका उलट्या डब्यावर बसली.

"चाक तसंच राहू दे," ती म्हणाली.

मिस्त्रीणबाईच्या हातातला कापसाचा बोळा थांबला. "काय?"

"फार वाकडं नाहीये. चालेल तसं. गाडी कुणाला चालवायची आहे?"

"आई, चाकाचं काय तुला? तुला स्कूटरमधलं काय कळतं?"

"काही नाही कळत." आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काल ते रात्रीचे आपले आपण उठले. पायांचा आवाज आला नाही. एक पाय ओढल्याचा येतो ना, तो नाही आला. उठून बघते तर उशाशी उभे. मी जागी आहे का, ते बघत होते."

"मग? बोलले काही?"

"आधी कधी बोलायचे?"

शेडचा पत्रा उन्हाने तडतडला. मिस्त्रीणबाईला लगेच राग चढला, नेहमीसारखा. तो चढला की तिला बरं वाटायचं. निदान पाय तरी जमिनीला लागायचे.

"आणि हे तू मला आता सांगतेस? चाक राहू दे म्हणून? माझी पाठ फोडून काढायचे तेव्हा तू भाजी निवडत बसायचीस. तेव्हा एकदाही म्हणाली नाहीस, राहू दे म्हणून. एकदाही! तेव्हा का नाही बोललीस?"

"आता बोलतेय ना," आई म्हणाली.

"आता कशाला? कुणासाठी?"

"माझ्यासाठी." आईने वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "मला एवढीच वर्षं मिळाली गं. एवढीच. ती राहू देत."

आईने एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं, की मलाही तेव्हा भीती वाटायची, किंवा माझं चुकलं. लेकीने पाना टाकला असता आणि चाक काढून भंगारात दिलं असतं. पण आई उठली, डबा होता तिथे सरकवून ठेवला आणि बसल्याची खूण राहू नये म्हणून धुळीवरून हात फिरवला.

त्या हात फिरवण्याने मिस्त्रीणबाईचं डोकं पुरतं फिरलं.

६

तिला तो परत हवा होता. ही गोष्ट तिने स्वतःशी पहिल्यांदाच स्पष्ट बोलून टाकली, आणि बोलताच सगळं सोपं झालं. तो गोड म्हातारा गेला खड्ड्यात. तिला तो जुना हवा होता, दोन पायांवर ताठ उभा, कान शाबूत, डोकं ठिकाणावर. त्याच्या तोंडावर तिला बोलायचं होतं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. वर्षानुवर्षं घासून घासून तिने ते एका वाक्यात आणलं होतं. ते ऐकून त्याचा चेहरा कसा होतो, तेवढं पाहायचं होतं. पूर्ण चेहरा.

चिमटा तिने पुरता सोडवला आणि बाकावरच्या शिकंज्यात अडकवला. दोन्ही पायांवर मापाची पट्टी टेकवली. आणि दिसलं. डावा पाय मुळाशीच मुडपला होता, रंगाखाली, केसभर. खांबावर आदळला तेव्हाचा.

ती गॅसची ज्योत पेटवून बसली. लोखंड आधी काळंनिळं झालं, मग मंद लाल. दोन पायांच्या मध्ये तिने जॅक घातला आणि दांडी मारायला लागली. लोखंड वळायला तयार नव्हतं. ती शिव्या देत होती. लोखंडाला, बाबांना, आईला, त्या मॅडमना, धाकट्याच्या मोबाइलला. घाम डोळ्यांत जात होता. कुठूनतरी बारीक आवाज निघायला लागला, दाताखाली वाळू आल्यासारखा. तो चिमट्याचा होता की घरातून येत होता, हे तिला सांगता आलं नसतं.

ज्योत विझवून ती दारापाशी वारा घ्यायला आली, तेव्हा आई फाटकातून बाहेर पडत होती. पायांत चप्पल, काखेत रेडिओ, दुसरं काही नाही. तिने मागे पाहिलं नाही. फाटकाची खिटी अलगद लावून घेतली, आवाज होऊ न देता.

"आई!"

आई थांबली नाही.

"जा!" मिस्त्रीणबाई ओरडली. "जा, तेच येतं तुला!"

मग ती आत येऊन जॅकच्या दांडीवर सगळ्या अंगाचा भार टाकून लटकली. लोखंडाने कण्हल्यासारखं केलं आणि वळलं.

थंड झाल्यावर तिने चिमटा चढवला, स्प्रिंगा, बुश, पट्ट्या, चाक, सगळं जागच्या जागी. मडगार्डला दोरा बांधून ओळंबा सोडला. दोरा चाकाच्या बरोबर मधोमध उतरला, हलला, स्थिर झाला. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. जन्मात इतकं सरळ चाक तिने बसवलं नव्हतं.

घर एकदम शांत झालं होतं.

७

पावलं व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. तिने मोजायला नको होतं, पण कान मोजत होते. एक, दोन. एक, दोन. सारखी. ओढल्याचा आवाज नाही, काठीचा नाही.

ती दाराकडे पाठ करून उभी होती. वळायचं आणि बोलायचं. एवढंच तर होतं. वाक्य जिभेवर होतं.

शेडमध्ये उन्हाचा जो चौकोन पडला होता, तो बुजला. ती वळली. बाहेर लख्ख ऊन असल्यामुळे दारातला चेहरा काळा दिसत होता. दिसले ते फक्त खांदे. दोन्ही एका रेषेत. शर्ट खोचलेला. आणि ती म्हाताऱ्याची उभं राहण्याची ढब नव्हती.

बाकावरून त्याने मोठा पाना उचलला. डाव्या हाताने. हातात तोलून पाहिला आणि होता तिथे परत ठेवला. मारायला त्याला हातांखेरीज कधी कशाची गरज पडली नव्हती. मग तो स्कूटरपाशी आला, मडगार्डवरून एक बोट फिरवलं, बोटाला लागलेलं ग्रीस पाहिलं. त्याचा आवाज कधीच चढत नसे. आजही चढला नाही.

"माझ्या गाडीला हात कुणी लावला?"

तिच्या घशात वाक्य होतं. अख्खं, घासून लख्ख केलेलं. तिने तोंड उघडलं. पन्नास वर्षांची बाई, हातात पाना, स्वतःच्या शेडमध्ये.

"मी नाही, बाबा," ती म्हणाली.

तो आवाज बारीक होता. तो तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"मग?"

घरातून धाकट्याची हाक आली, आनंदाने फुटलेली. "ताई! अगं, बाबा खुर्चीत नाहीयेत! चालत गेले वाटतं! आपले आपण!"

काळा चेहरा तिच्याकडे थोडा झुकला. तो उत्तराची वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

"त्याने," तिने बोट घराकडे केलं. "त्याने काढली ताडपत्री."

दारातला उन्हाचा चौकोन मोकळा झाला. पावलं आवार ओलांडून गेली, पायऱ्या चढली. तिला धावायचं होतं. तिचे पाय जुळून, टाचेला टाच लावून उभे होते आणि हलत नव्हते.

"बाबा! अहो, काय हे! बघू, बघू, परत चालून दाखवा!" धाकटा हसत होता, टाळ्या पिटत होता. मग घराच्या दाराला आतून कडी लागली. कडी लागल्यावरही तो थोडा वेळ हसतच होता.